पेन्शन आणि शिकवणी : निवृत्त शिक्षकांसाठी प्राप्तिकराचा वर्षभराचा हिशेब

ठाण्यातील नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर असो, की खाडीपलीकडच्या नवी मुंबईतील ऐरोली, वाशी आणि नेरूळ असो, निवृत्त शिक्षकांच्या घरगुती शिकवण्या हा या दोन्ही शहरांतील शिक्षणाचा न दिसणारा पण भक्कम आधार आहे. दहावीचे गणित, बारावीचे बुक-कीपिंग, इंग्रजी व्याकरण असे विषय पाच-पंचवीस मुलांना घरच्या बैठकीच्या खोलीत शिकवले जातात आणि फी बहुतेक वेळा थेट मोबाइलवरून खात्यात जमा होते. अडचण शिकवण्यात नसते, ती हिशेबात असते. नोकरीत असताना कर शाळेच्या कार्यालयाने मोजला आणि पगारातून कापला; निवृत्तीनंतर तेच काम कोषागार किंवा बँक करते. शिकवणीच्या फीवरचा कर मात्र सहसा कोणीही मोजत नाही आणि कापतही नाही. तो ज्याचा त्यानेच, वर्ष चालू असतानाच मोजावा लागतो. ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे अनेक काटेकोर, प्रामाणिक माणसांना व्याज भरावे लागते, म्हणून हा लेख सविस्तर लिहीत आहे.

येथील सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील उत्पन्नाचे आहेत. या वर्षाचे विवरणपत्र १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानुसारच भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यापुढील उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली आहे. त्यामुळे येथे दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्यातील समजावेत.

प्रथम उत्पन्नाची विभागणी

स्वतःच्या नोकरीची पेन्शन कायद्याच्या दृष्टीने ‘वेतन’ आहे. ती जिल्हा परिषदेची असो, राज्य शासनाची असो किंवा भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारी असो, तिच्यातून प्रमाणित वजावट, म्हणजे कोणताही खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट, मिळते: नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये आणि जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपये. ही वजावट फक्त पेन्शनमधून मिळते, शिकवणीच्या उत्पन्नातून नाही.

पती किंवा पत्नीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात जाते. त्यातून एक तृतीयांश रक्कम किंवा ठरावीक मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती वजा होते. ही मर्यादा नव्या प्रणालीत २५,००० आणि जुन्या प्रणालीत १५,००० रुपये आहे. कुटुंब निवृत्तिवेतनातून ७५,००० रुपये वजा केलेली विवरणपत्रे पाहण्यात येतात, आणि ती चूक आहे. पेन्शनच्या अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच घेतल्याची, एकरकमी रक्कम शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त असते. अन्य कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटी मिळाली असल्यास अंशराशीकरणाच्या पूर्ण मूल्याच्या एक तृतीयांशापर्यंत आणि मिळाली नसल्यास निम्म्यापर्यंत ही सूट आहे. दरमहा येणारी उरलेली पेन्शन करपात्रच राहते.

आता शिकवणीची फी. ती दर महिन्याला नियमितपणे, ठरलेल्या कामाबद्दल मिळत असेल, तर ते ‘धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न’ होय. पुष्कळ जण ही रक्कम ‘इतर स्रोत’ या सदरात टाकून आयटीआर-१ हा विवरणपत्राचा अर्ज भरतात, कारण तो सोपा आहे. एखाद्या संस्थेत एकदाच दिलेले व्याख्यान यांसारखे तुरळक मानधन त्या सदरात चालू शकते. परंतु जून ते फेब्रुवारी नियमाने चालणारी बॅच त्या सदरात बसत नाही. एखाद्या क्लासमध्ये जाऊन शिकवत असाल, तर नेमणुकीचे स्वरूप पाहावे. क्लासने पगारी नोकर म्हणून ठेवले असेल तर तेही वेतनच ठरते आणि फॉर्म १६, म्हणजे वेतन व कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, मिळतो. तासांप्रमाणे मानधन देत असतील, तर कलम १९४जे खाली सहसा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला जातो. एप्रिल २०२५ पासून या कलमाची वार्षिक मर्यादा ५०,००० रुपये आहे. दहा टक्के कापले म्हणजे कर भरून झाला, असा समज येथे करून घेऊ नये. ती केवळ अंशतः भरलेली रक्कम आहे.

पती-पत्नी दोघेही शिक्षक असतील आणि दोघेही शिकवत असतील, तर ज्याच्या शिकवण्याची फी त्याच्याच खात्यात जमा व्हावी. बाईंच्या इंग्रजीच्या बॅचची फी सरांच्या खात्यात गेली, तर ते उत्पन्न बाईंचे आहे हे पुढे सिद्ध करत बसावे लागते. उलट, पत्नी प्रत्यक्षात शिकवत नसताना तिच्या नावावर फी दाखवली, तर ती पतीच्याच उत्पन्नात मिळवली जाते.

फीची नोंदवही

सगळ्या कामाचा पाया ही वही आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. महागड्या सॉफ्टवेअरची आवश्यकता नाही. दोनशे पानी लांब वही पुरेशी आहे. डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च. जमेच्या पानावर तारीख, विद्यार्थ्याचे नाव आणि इयत्ता, कोणत्या महिन्याची फी, रक्कम आणि कशी मिळाली (रोख, यूपीआय किंवा धनादेश) असे पाच रकाने आखावेत. ‘५ जुलै, (विद्यार्थ्याचे नाव), दहावी ब बॅच, जून-जुलैची फी, ५,०००, यूपीआय, आईच्या खात्यावरून’ अशी नोंद असली, की वर्षाअखेरीस बँकेच्या उताऱ्यावरील अनोळखी नावाचा उलगडा लगेच होतो. फी बहुधा पालकांच्या किंवा आजोबांच्या नावाने येते आणि मार्चमध्ये ती कोणाची हे आठवत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. रोख फी आली तरी पावती द्यावी आणि पावतीचा क्रमांक वहीत लिहावा.

शक्य असल्यास शिकवणीसाठी वेगळे बचत खाते ठेवावे. त्यासाठी चालू खातेच हवे असे बंधन नाही. पेन्शनच्या खात्यात पेन्शन, मुलाने पाठवलेले पैसे, सोसायटीच्या भिशीची रक्कम आणि फी हे सर्व एकत्र झाले, की वेगळे काढताना चुका होतात. मुलाने आई-वडिलांना दिलेली रक्कम करपात्र नसते, पण ती फी नव्हती हे दाखवता आले पाहिजे.

शिकवणीचे वर्ष आणि कराचे वर्ष जुळत नाही, हा या व्यवसायातील खास गुंता आहे. दहावीत जाणाऱ्या मुलांच्या सुट्टीतील बॅचची फी पालक पुष्कळदा मार्चमध्येच भरून टाकतात, तर फेब्रुवारीत संपलेल्या बॅचची थकलेली फी एप्रिलमध्ये येते. हिशेबाच्या दोन पद्धती कायद्याला मान्य आहेत: पैसे हातात आले तेव्हा उत्पन्न धरण्याची रोख पद्धत, आणि देय झाले तेव्हा उत्पन्न धरण्याची उपार्जित पद्धत. घरगुती शिकवणीसाठी माझा कौल रोख पद्धतीला आहे, कारण तीत वही आणि बँकेचा उतारा एकमेकांशी ताडून पाहता येतात. या पद्धतीत मार्चमध्ये आलेली आगाऊ फी त्याच वर्षाचे उत्पन्न ठरते. एकदा निवडलेली पद्धत दर वर्षी तीच ठेवावी; सोयीप्रमाणे अदलाबदल करणे कायद्याला मान्य नाही.

कोणता खर्च वजा होतो

फी म्हणजे उत्पन्न नव्हे. फीतून शिकवणीसाठी केलेला खर्च वजा करून जे उरते ते उत्पन्न. झेरॉक्स, सराव प्रश्नपत्रिकांची छपाई, पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके, फळा, मार्कर, जाहिरातीचे फलक, ऑनलाइन वर्गाच्या अ‍ॅपची वर्गणी, वह्या तपासणाऱ्या मदतनिसाचे मानधन आणि विवरणपत्र भरणाऱ्या सल्लागाराची फी हे सर्व वजा होते. जागा भाड्याची असेल तर शिकवणीपुरते भाडेही वजा होते. स्वतःच्या मालकीच्या घरात शिकवत असल्यास स्वतःलाच भाडे दिल्याचे दाखवता येत नाही.

महावितरणचे वीजबिल आणि इंटरनेट हे घर व शिकवणी दोन्हींसाठी वापरले जातात, त्यामुळे त्यांचा योग्य हिस्साच घ्यावा. तीन खोल्यांच्या घरात एका खोलीत रोज चार तास शिकवणी चालत असेल, तर सबंध बिल खर्चात टाकणे टिकणार नाही. किती हिस्सा धरला आणि का, हे वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळींत लिहून ठेवावे आणि वर्षभर तोच हिस्सा लावावा.

लॅपटॉप, टेबल, बाके यांची किंमत एकदम खर्चात जात नाही; त्यांवर घसारा, म्हणजे वापराने कमी होणाऱ्या किमतीची दर वर्षीची वजावट, मिळतो. संगणकावर तो वर्षाला ४० टक्के आणि फर्निचरवर १० टक्के आहे. खरेदीच्या वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून ४०,००० रुपयांचा लॅपटॉप जूनमध्ये घेतल्यास त्या वर्षी १६,००० रुपये वजा होतात आणि जानेवारीत घेतल्यास ८,०००. तोच लॅपटॉप नातवाच्या अभ्यासालाही वापरला जात असेल, तर त्या प्रमाणात रक्कम कमी करावी. आणखी एक पथ्य पाळावे: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास तो खर्च अमान्य होतो, त्यामुळे मोठी बिले बँकेतूनच चुकती करावीत.

हे सर्व खर्च नव्या करप्रणालीतही वजा होतात, कारण ती गुंतवणुकीची सवलत नसून उत्पन्न मोजण्याची रीत आहे. ‘नव्या प्रणालीत काहीच वजा होत नाही’ या वाक्यावर विसंबून अनेकांनी वही ठेवणेच सोडले आहे. त्यात त्यांचा किती तोटा होतो, हे पुढील उदाहरणात दिसेल.

अनुमानित उत्पन्नाची सोय : घ्यावी की न घ्यावी

लहान व्यावसायिकांना संपूर्ण हिशेब न ठेवता ठरावीक टक्के उत्पन्न दाखवण्याची मुभा कायद्यात आहे. कलम ४४एडीए खाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. पण हे कलम वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल अशा यादीतील व्यवसायांसाठी आहे आणि त्या यादीत शिकवणी नाही. कलम ४४एडी हे धंद्यांसाठी आहे. त्यात रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न मानले जाते. विवरणपत्रातील व्यवसायांच्या यादीत क्लास व शिकवण्यांसाठी स्वतंत्र संकेतांक आहे आणि बरेच करसल्लागार याच कलमाखाली आयटीआर-४ भरतात. तथापि, एकट्याने आपल्या विद्वत्तेवर चालवलेली शिकवणी ‘धंदा’ आहे की ‘व्यवसाय’, यावर मतभेद आहेत, हे भरणाऱ्याला ठाऊक असावे.

माझे मत स्पष्ट आहे. कलम ४४एडी मध्ये ६ किंवा ८ टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्ष उत्पन्न त्याहून अधिक असेल तर ते अधिक दाखवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. ज्या घरात चार लाखांच्या फीतून सव्वातीन लाख रुपये खरोखर उरतात, तेथे चोवीस हजार उत्पन्न दाखवणे हे त्या तरतुदीच्या हेतूला धरून नाही, आणि चौकशी झाल्यास ‘बाकीचे पैसे कोठे गेले’ या प्रश्नाला उत्तर नसते. शिवाय एकदा हे कलम स्वीकारून पुढील पाच वर्षांच्या आत सोडले, तर नंतरची पाच वर्षे ते वापरता येत नाही आणि करपात्र मर्यादेपेक्षा उत्पन्न अधिक असल्यास लेखापरीक्षणाचा खर्च मागे लागतो. म्हणून वही ठेवावी आणि खरे उत्पन्न दाखवावे. ते ४४एडी खाली आयटीआर-४ मध्ये दाखवायचे, की नेहमीच्या पद्धतीने आयटीआर-३ मध्ये, हे आपल्या सल्लागाराशी बोलून पहिल्याच वर्षी ठरवावे. वार्षिक व्यावसायिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा किंवा जमा पंचवीस लाखांपेक्षा अधिक असल्यास, नेहमीच्या पद्धतीत हिशेबाची पुस्तके ठेवणे बंधनकारकही आहे.

नवी प्रणाली की जुनी

नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही. पुढे प्रत्येक चार लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३० टक्के असे दर आहेत. निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. शेअर किंवा म्युच्युअल फंडाच्या विशेष दराच्या भांडवली नफ्यावरील करास ही माफी लागू नाही. जुन्या प्रणालीत साठ वर्षांवरील व्यक्तीला तीन लाख आणि ऐंशीवरील व्यक्तीला पाच लाखांपर्यंत कर नाही, पण दर ५, २० आणि ३० टक्के असे चढे आहेत. मात्र गुंतवणुकीची कलम ८०सी, आरोग्यविम्याची ८०डी आणि ठेवींच्या व्याजाची ५०,००० रुपयांची ८०टीटीबी वजावट जुन्या प्रणालीतच मिळते.

येथे शिकवणी घेणाऱ्या पेन्शनधारकावर असे बंधन येते की ज्याची माहिती फार थोड्यांना असते. केवळ पेन्शन आणि व्याज असणारी व्यक्ती दर वर्षी विवरणपत्रातच हवी ती प्रणाली निवडू शकते. व्यवसायाचे उत्पन्न आले, की जुनी प्रणाली हवी असल्यास मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. त्यानंतर नव्या प्रणालीत एकदाच परत येता येते आणि परत आल्यावर व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येत नाही. म्हणून एखाद्या वर्षीच्या किरकोळ फायद्यासाठी हा फॉर्म भरू नये.

आकड्यांत पाहू

ठाण्यातील सहासष्ट वर्षांच्या एका काल्पनिक निवृत्त मुख्याध्यापिकेचे उदाहरण घेऊ. पेन्शन दरमहा ७२,०००, म्हणजे वर्षाला ८,६४,००० रुपये. एका बँकेतील मुदत ठेवींचे व्याज १,४०,०००. जमा झालेली फी ४,१०,००० आणि वहीत लिहिलेला खर्च ५०,०००, म्हणून शिकवणीचे उत्पन्न ३,६०,०००.

नव्या प्रणालीत पेन्शनमधून ७५,००० गेल्यावर ७,८९,००० उरतात. त्यात शिकवणी आणि व्याज मिळवून करपात्र उत्पन्न १२,८९,००० होते. १२ लाखांपर्यंतचा कर ६०,००० आणि वरच्या ८९,००० वर १५ टक्क्यांनी १३,३५०, मिळून ७३,३५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून ७६,२८४ रुपये. जुन्या प्रणालीत ८०सी चे दीड लाख, ८०डी आणि ८०टीटीबी चे प्रत्येकी ५०,००० पूर्ण वापरले, तरी करपात्र उत्पन्न १०,६४,००० राहते आणि कर उपकरासह १,३४,३६८ रुपये येतो. निवड उघड आहे.

आता त्यांच्याच वहीकडे पुन्हा पाहू. लॅपटॉपचा घसारा १६,०००, वीज आणि इंटरनेटचा हिस्सा १४,००० आणि रोखीने केलेली झेरॉक्स १०,००० असा ४०,००० रुपयांचा खरा खर्च लिहायचा राहून गेला होता. तो धरला तर करपात्र उत्पन्न १२,४९,००० होते. १२ लाखांच्या थोड्याच वर असलेल्यांना सीमान्त सवलत मिळते, म्हणजे १२ लाखांवर जितके उत्पन्न आहे त्यापेक्षा अधिक कर घेतला जात नाही. त्यामुळे कर ४९,००० वर थांबतो आणि उपकरासह ५०,९६० होतो. चाळीस हजारांचा खर्च पुराव्यासह लिहिल्याने २५,३२४ रुपये वाचले. बारा लाख ते साधारण बारा लाख सत्तर हजार या पट्ट्यात वहीतल्या प्रत्येक नोंदीला इतके मोल आहे.

याउलट पेन्शन दरमहा ४६,०००, शिकवणीचे निव्वळ उत्पन्न तीन लाख आणि व्याज १,३०,००० असेल, तर करपात्र उत्पन्न ९,०७,००० होते आणि माफीमुळे कर शून्य येतो. मात्र विवरणपत्र भरावेच लागते, कारण उत्पन्न चार लाखांच्या मर्यादेपेक्षा अधिक आहे.

अ‍ॅडव्हान्स टॅक्स : सर्वांत जास्त चुकणारी पायरी

साठ वर्षांवरील निवासी व्यक्तीला वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, ही माहिती सर्वदूर पोहोचली आहे. त्या नियमातील अट मात्र पोहोचलेली नाही: धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न असल्यास ही सूट मिळत नाही. नियमित शिकवणी सुरू झाली, की सूट संपली. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक येत असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण रक्कम भरावी लागते. कलम ४४एडी खाली उत्पन्न दाखवणाऱ्यांना १५ मार्चपर्यंत एकदाच पूर्ण रक्कम भरता येते.

आपल्या मुख्याध्यापिकाबाईंचे पहिले आकडे घेऊ. पेन्शन देणाऱ्या यंत्रणेला फक्त पेन्शन दिसते, आणि तेवढ्यावर माफीमुळे कर शून्य, म्हणून टीडीएसही शून्य. ज्येष्ठांच्या व्याजावरील टीडीएसची मर्यादा आता एक लाख रुपये आहे. ती ओलांडल्यामुळे बँकेने १४,००० कापले. उरलेले ६२,२८४ रुपये बाईंनी स्वतः भरायचे आहेत: जूनपर्यंत ९,३४३, सप्टेंबरपर्यंत एकूण २८,०२८, डिसेंबरपर्यंत ४६,७१३ आणि मार्चपर्यंत पूर्ण. हे काहीच न करता जुलैमध्ये एकदम रक्कम भरली, तर कलम २३४बी आणि २३४सी खाली दरमहा एक टक्क्याने मिळून सुमारे ५,६०० रुपये व्याज लागते.

पहिल्या हप्त्याच्या वेळी बॅचा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि वर्षाचा अंदाज नसतो, ही अडचण खरी आहे. अशा वेळी मागील वर्षाच्या फीवरून अंदाज बांधावा आणि डिसेंबरच्या हप्त्यापूर्वी वहीवरून नव्याने बेरीज करून तफावत भरून काढावी. तोपर्यंत बहुतेक विद्यार्थी पक्के झालेले असतात, त्यामुळे डिसेंबरची बेरीज सहसा फार चुकत नाही. रक्कम प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ मधून भरता येते. वर्ष आणि ‘अ‍ॅडव्हान्स टॅक्स’ हा प्रकार नीट निवडावा. वर्ष चुकले तर पैसे दुसऱ्याच वर्षाच्या नावे जमा होतात आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात. चलनाची प्रत वहीला जोडून ठेवावी. ज्यांना तारखा सांभाळणे जड जाते, त्यांनी कोषागाराला किंवा बँकेला आपले अन्य उत्पन्न लेखी कळवून पेन्शनमधूनच वाढीव टीडीएस कापण्याची विनंती करावी. कायद्यात तशी तरतूद आहे.

याच संदर्भात फॉर्म १५एच विषयी. एप्रिल उजाडला, की अनेक ज्येष्ठ नागरिक व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून बँकेत जाऊन सवयीने हा फॉर्म भरून देतात. तो केवळ व्याजाविषयीचा कागद नाही. आपल्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे असे ते स्वाक्षरीनिशी केलेले निवेदन आहे आणि त्यात शिकवणीचे उत्पन्नही मोजावे लागते. वरील उदाहरणातील बाईंनी तो भरून दिला, तर ते निवेदन खोटे ठरेल.

व्यवसाय कर आणि जीएसटी

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर द्यावा लागतो आणि त्यासाठी नावनोंदणी करावी लागते. ६५ वर्षांवरील व्यक्तींना तो माफ आहे. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होऊन लगेच शिकवणी सुरू करणाऱ्यांनी मधल्या वर्षांसाठी याकडे लक्ष द्यावे. भरलेला व्यवसाय कर शिकवणीच्या खर्चात वजा होतो. जीएसटीची नोंदणी वार्षिक जमा वीस लाखांपेक्षा अधिक झाल्यावरच लागते आणि पेन्शन त्या वीस लाखांत मोजली जात नाही, त्यामुळे घरगुती शिकवणीला हा प्रश्न क्वचितच येतो.

विवरणपत्र भरताना

प्रथम पोर्टलवरून फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराचा उतारा, आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे. पेन्शनचा फॉर्म १६, बँकांची व्याज प्रमाणपत्रे आणि क्लासने कापलेला टीडीएस यांच्याशी ते जुळवून पाहावे. एआयएसमध्ये फीचा उल्लेख नसेल, तर ती दाखवायची गरज नाही असा अर्थ होत नाही. विभागाला दिसते ते आणि आपण कमावले ते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आयटीआर-१ आता विसरावा. कलम ४४एडी खाली जाणाऱ्यांना आयटीआर-४ आणि इतरांना आयटीआर-३ लागेल. पंचाहत्तरीनंतर पेन्शन आणि त्याच बँकेतील व्याज एवढेच उत्पन्न असणाऱ्यांना विवरणपत्र न भरण्याची जी सवलत आहे, तीही शिकवणी असल्यास मिळत नाही. मुदतीबाबत एक सावधगिरी बाळगावी: ती अर्जाच्या प्रकारानुसार वेगळी असू शकते आणि सरकार ती कधी कधी वाढवते; २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. आपल्या अर्जाची तारीख पोर्टलवर पाहून घ्यावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. मुदत चुकल्यास ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते आणि त्या वर्षी जुनी करप्रणालीही निवडता येत नाही. विवरणपत्र सादर केल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी पूर्ण करावी. ती राहिली तर विवरणपत्र भरलेच नाही असे मानले जाते.

मागील वर्षांत शिकवणीचे उत्पन्न दाखवायचे राहिले असेल, तर नोटीस येण्याची वाट पाहू नये. संबंधित निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष, संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, भरता येते. त्यात मूळ कर आणि व्याजाव्यतिरिक्त अतिरिक्त रक्कम द्यावी लागते: पहिल्या बारा महिन्यांत भरल्यास कर व व्याजाच्या २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. उशीर होईल तशी रक्कम वाढते, म्हणून अशा वर्षांचे बँकेचे उतारे आधी काढावेत, फीच्या रकमा वेगळ्या लिहून घ्याव्यात आणि जे वर्ष पुढच्या टप्प्यात जाण्याच्या बेतात आहे त्याचे विवरणपत्र सर्वांत आधी भरावे.